हँगरमधून पत्रोत्तरं: हलतंय, पण कुठे?

गेल्या अंकात अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या विमानमेळ्याबद्दल लिहिलं आणि घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांचं जरा हात सैल सोडून कौतुक केलं. त्याचं फळ म्हणून या महिन्यात पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचा सूर एकच: काका, हे सगळं छान, पण ही विमानं पडतात का हो? पडतात. म्हणून हा महिना त्याच विषयाला दिला आहे.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी वैमानिक नाही. एकतीस वर्षं फ्लाइंग क्लबांच्या हँगरमध्ये परवानाधारक देखभाल अभियंता होतो, त्यातली निम्मी पुष्पक नावाच्या छोट्या, कापडी पंखांच्या क्लब-विमानांच्या पोटाखाली पाठीवर पडून गेली. आता उन्हाळ्यात लेकीकडे विस्कॉन्सिनला असतो. तिथे हौशी मंडळी विमानं बांधतात आणि मी त्यांच्या मागे उभा राहून नको तिथे नाक खुपसतो.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. खासगी वैमानिकाचा परवाना आहे, उड्डाणाचे साधारण तीनशे तास झालेत. एका गृहस्थांनी स्वतः बांधलेलं लाँग-ईझी विमान दुसऱ्या मालकाकडून विकत घ्यायचं मनात आहे. मालक म्हणतो, 'एक फेरी मारली की हात बसेल.' बायको म्हणते, जॉन डेन्व्हर गेला तेच ना हे विमान? तिला काय सांगू?

उत्तर: वहिनींना सांगा, हो, तेच. आणि त्यांच्या शंकेला नमस्कार करा, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न त्यांचा आहे.

12 ऑक्टोबर 1997. गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेहून आपलं लाँग-ईझी घेऊन निघाला आणि पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळला. माणूस नवखा नव्हता, अडीच हजारांहून जास्त तास उडलेला होता. या विमानावर मात्र तो नवखा होता. विमान त्याने वापरलेलं घेतलं होतं, तुम्ही घेणार आहात तसंच.

बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायची चावी वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये आहे. बांधणाऱ्याला वाटलं, माणूस बसतो तिथे पेट्रोलच्या नळ्या कशाला? म्हणून त्याने चावी मागे नेली, वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या पाठीमागे. हेतू चांगलाच होता. आगीची भीती कोणाला नसते? पण चावीवर कुठल्या बाजूला कुठली टाकी याची खूण नव्हती. इंधन किती उरलंय ते दाखवणाऱ्या काचांवरही आकडे नव्हते, आणि त्या पुढच्या सीटवरून मान वळवल्याशिवाय दिसत नव्हत्या. उड्डाणाआधी डेन्व्हर आणि तिथला तंत्रज्ञ याच चावीबद्दल बोलले होते. पकड लावून दांडा लांबवता येतो का तेही त्यांनी बघितलं, जमलं नाही. काचा बघायला तंत्रज्ञाने त्याला एक आरसा दिला. इंधन भरायचं का, तर नको म्हणाला, तासभरच उडायचंय.

आता तुम्ही एक प्रयोग करा, घरी, जेवणाच्या खुर्चीत. पाय पुढे दोन पेडलवर आहेत असं समजा. उजव्या हातात स्टिक, म्हणजे विमान कलवायचा दांडा आहे, ती सोडा, आणि तोच हात डाव्या खांद्यामागे न्या. अंग डावीकडे वळवावंच लागेल. वळलात? मग बघा तुमचा उजवा पाय काय करतोय. जमिनीत रेटा देतोय. विमानात त्या पायाखाली उजवं रडर असतं, म्हणजे शेपटीची उभी फळी वळवणारं पेडल. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, नेमकं हेच लिहिलं: चावी फिरवण्याच्या नादात लक्ष हटलं, नकळत उजवं रडर दाबलं गेलं आणि विमान हाताबाहेर गेलं. त्याच अहवालात चावीची जागा आहे, खुणा नसणं आहे, अपुरं प्रशिक्षणही आहे. कोणा एकाच्या माथी खापर नाही.

म्हणून लाँग-ईझी घेऊ नका असं मी म्हणत नाही. मूळ आराखड्याचे कागद मिळवा आणि ते हातात धरून विमानाभोवती फिरा. जिथे जिथे बांधणाऱ्याने 'सुधारणा' केली आहे तिथे थांबा. घरच्या विमानात मला सगळ्यात जास्त धास्ती सुधारणांची वाटते. आराखड्यातली चावी शेकडो लोकांनी शेकडो विमानांत वापरून पाहिलेली असते. सुधारलेली चावी एकाच माणसाने, आणि तीही बहुधा जमिनीवर.

मालकाच्या 'एक फेरी'चं म्हणाल तर 2011 साली अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांचे 224 अपघात झाले. एनटीएसबीने त्यांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून जास्त विमानं स्वतः बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती. नव्या विमानाच्या पहिल्याच उड्डाणात 10 अपघात झाले. नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात 14. बांधणारा निदान घाबरून तरी बसतो. विकत घेणाऱ्याला वाटतं, हे तर उडालेलंच विमान आहे!

तेव्हा दुसऱ्या कोणाच्या लाँग-ईझीमध्ये, त्यातला जाणकार सोबत घेऊन, हात खरंच बसेपर्यंत उडा. आणि विकत घ्यायला जाल तेव्हा वहिनींनाही न्या. पट्टा बांधून त्यांना सीटवर बसवा आणि विचारा, इथून काय काय हाताला लागत नाही?

प्रश्न: सर, मी नागपूरला विमान देखभालीचा कोर्स करते. लॉकिंग वायरच्या, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेच्या, प्रॅक्टिकलला आमचे सर तार कापून टाकतात आणि 'पुन्हा' म्हणतात. चार वेळा झालं, बोटं फाटली. आता तर नायलॉक नट आलेत, मग ही जुनी पद्धत कशाला?

उत्तर: बाळ, तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. आणि बोटांना खोबरेल लाव.

आधी नायलॉक नटाचं बघू. त्याच्या आत प्लास्टिकची कडी असते, ती बोल्टच्या आट्यांना गच्च धरते. एकदा काढला, पुन्हा लावला, उन्हातान्हात वर्षं काढली की ती पकड सैल होते. बाहेरून नट तसाच चकचकीत. 16 सप्टेंबर 2011 ला नेवाडातल्या रेनोच्या विमान शर्यतीत 'गॅलपिंग घोस्ट' नावाचं पी-51 मस्टँग प्रेक्षकांच्या पुढ्यात आदळलं. वैमानिक जिमी लीवर्ड आणि 10 प्रेक्षक गेले. दुसऱ्या महायुद्धातलं विमान, शर्यतीसाठी बरंच बदललेलं. शेपटीवरच्या एलिव्हेटरला, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या फळीला, ट्रिम टॅब म्हणून छोटी फळी असते, तिच्या स्क्रूंचे लॉकनट आतून खराब झाले होते. स्क्रू सैल झाले, एका स्क्रूला तडा गेला, फळी फडफडायला लागली आणि तुटली. विमान असं काही उसळलं की वैमानिकावर त्याच्या वजनाच्या 17 पट भार आला. शुद्ध हरपायला एवढं पुरे. त्या विमानात बदल एवढे केले होते, पण त्या वेगाला ते कसे वागतील याची धड चाचणी झाली नव्हती.

म्हणून नायलॉक नट हातात घेशील तेव्हा आधी नुसत्या बोटांनी फिरवून बघ. प्लास्टिकच्या कडीतूनही बोटांनी फिरला तर थेट कचऱ्याच्या डब्यात. 'खोक्यात ठेवू, कुठे तरी लागेल' असं म्हणायचं नाही. आमच्या हँगरमध्ये ते खोकं होतं. मी एकदा रागाने भंगारवाल्याला देऊन टाकलं, तर स्टोअरकीपर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

आता तार. 2 ऑक्टोबर 2019 ला कनेटिकट राज्यातल्या विंडसर लॉक्सला बी-17 जातीचं जुनं बॉम्बर पडलं. 'नाइन-ओ-नाइन' त्याचं नाव. हौशी प्रवाशांना पैसे घेऊन फिरवून आणायचं. 13 जण होते, 7 गेले. उड्डाणानंतर काही मिनिटांतच चौथ्या इंजिनाची ताकद गेली, परत फिरले, धावपट्टीच्या अलीकडेच आदळले.

मॅग्नेटो तू शिकली असशीलच. वाचकांसाठी सांगतो: विमानाच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी द्यायला दोन वेगळे मॅग्नेटो. एक बसला तरी दुसऱ्यावर चालतं. मॅग्नेटो बंद करायचा तर त्याची एक वायर विमानाच्या अंगाला टेकवतात, तिला पी-लीड म्हणतात. टेकली की मॅग्नेटो मुका. त्या चौथ्या इंजिनाच्या डाव्या मॅग्नेटोवर ही वायर तिच्या बसणीतून सुटलेली होती, आणि कोणी तरी ती लॉकिंग वायरने बांधून जागेवर ठेवली होती. आतला पत्रा अंगाला टेकत होता, म्हणजे तो मॅग्नेटो कायमचा बंद. उजव्या मॅग्नेटोत ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटचं अंतर हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून त्याची ठिणगी मरतुकडी.

एनटीएसबीने मुख्य दोष वैमानिकावर ठेवला, की इंजिन बंद केल्यावर वेग, चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या खाली उतरणाऱ्या फळ्या) नीट सांभाळले नाहीत. पण देखभालीतला हलगर्जीपणाही त्यात धरला. आणि देखभालीचे प्रमुखही तेच वैमानिक होते. मी तो अहवाल वाचताना याच ओळीवर थबकलो. काम करणारा तोच, तपासणारा तोच, उडवणारा तोच. तार तर होती बघ, नुसती तार असून काय उपयोग? तुटलेली वस्तू जागेवर धरून ठेवायला तार नसते. घट्ट आवळलेली वस्तू सुटू नये म्हणून असते.

सर काय बघत असतील ते सांगतो. 0.032 इंची तारेला इंचाला 6 ते 8 पिळे. कमी असतील तर तार ढिली राहते, जास्त असतील तर पिळातच कमजोर होऊन कंपनांनी तुटते. दिशा अशी, की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेने त्याला आवळायच्या बाजूला ओढलं पाहिजे. उलटी बांधलीस तर ती सुटायलाच मदत करते. पकडीने तारेला चावे काढू नकोस, तिथूनच ती तुटते. शेवटचं टोक वाकवून आत घाल, नाही तर पुढच्या मेकॅनिकची बोटं तुझ्यासारखीच फाटतील. पाचव्यांदा जमेल.

प्रश्न: कोल्हापुरात माझी मोठी गच्ची आहे. मुंबईच्या अमोल यादव यांनी बांधलं तसं विमान बांधता येईल का?

उत्तर: बांधता येईल, उडवण्याचं वेगळं बघावं लागेल. यादव यांनी कांदिवलीला गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, 2016 मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं आणि नोव्हेंबर 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. मधल्या काळात सरकारी टेबलांवर किती वर्षं गेली ते वर्तमानपत्रांत तुम्ही वाचलंच असेल. आणि ते व्यावसायिक वैमानिक आहेत. तुम्ही पत्रात व्यवसाय फर्निचरचा लिहिलाय. लाकूडकाम हातात असेल तर आधी एखाद्या एरोमॉडेलिंग क्लबात जा. पहिला रिवेट ठोकण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पत्र लिहा, आणि विमान गच्चीवरून खाली कसं उतरवणार ते आजच ठरवून ठेवा.

प्रश्न: मेलबर्नला आम्ही चौघे मित्र मिळून टायगर मॉथ हे जुनं दुपंखी विमान उभं करतोय. पंखांवर नवं कापड चढवायचंय. एका पद्धतीचा गोंद आणि दुसऱ्या पद्धतीचा डोप (कापड ताणून घट्ट करणारं लाखेसारखं द्रावण) आमच्याकडे शिल्लक आहे. दोन्ही उत्तम कंपन्यांचे. मिसळून वापरले तर चालतील का?

उत्तर: नाही. का ते जरा सावकाश सांगतो, कारण यातली गोष्ट मला फार जवळची आहे.

ऑशकॉशला विमानतळावर उतरलं की नाव दिसतं: विटमन. स्टीव्ह विटमन हे शर्यतीच्या विमानांतलं फार मोठं नाव. स्वतः विमानं आखायचे, स्वतः बांधायचे, स्वतः उडवायचे, आणि हे सगळं साठ-सत्तर वर्षं. त्यांच्या हयातीतच त्या विमानतळाला त्यांचं नाव दिलं गेलं. 27 एप्रिल 1995 ला, वयाच्या 91 व्या वर्षी, पत्नी पॉला यांना घेऊन ते फ्लोरिडातल्या ओकालाहून ऑशकॉशला घरी निघाले. विमान त्यांनीच बांधलेलं, ओ अँड ओ स्पेशल. अलाबामात स्टीव्हन्सन गावाजवळ विमान हवेतच तुटलं. दोघंही गेले.

कारण काय, तर कापड. पंख प्लायवूडचा, त्यावर कापड चिकटवलेलं. पण ज्या रीतीने चिकटवायला हवं त्या रीतीने ते चिकटवलेलं नव्हतं. एका ठिकाणी सुटलं, पंखाच्या मागच्या कडेला उघडं पडलं, त्यातून एलेरॉन (पंखाच्या टोकाची हलती फळी) आणि पंख फडफडायला लागले. ज्याच्या नावाच्या विमानतळावर आम्ही दरवर्षी 'घरी विमान कसं बांधावं' यावर व्याख्यानं ऐकतो, त्याचा जीव गोंदाच्या एका थराने घेतला. एक्याण्णव वर्षांच्या माणसाने ऐंशी विमानं हाताळली असतील. त्यांना कोण सांगणार, की अण्णा, हा थर चुकला?

कापड, गोंद, डोप, रंग हे सगळं एका पद्धतीचं एक कुटुंब असतं. कंपनीने ते एकमेकांबरोबर तपासलेलं असतं. शेजारच्या घरातली सून आणून चालत नाही. एकाचं द्रावण दुसऱ्याला विरघळवेल, नाही तर वर नुसतं बसून राहील, धरणारच नाही. आणि बाहेरून चकाचक दिसेल, हीच तर गंमत! शिल्लक डबे विकून टाका.

आमच्याकडे वेगळाच ताप होता. पुष्पकच्या पंखांना कापड असायचं, आणि क्लबाची घाई नेमकी पावसाळ्यात. दमट हवेत डोप लावला की तो वाळताना हवेतलं पाणी धरतो आणि पांढरा पडतो, दुधाचा ओघळ सुकावा तसा. नवखी पोरं त्यावर आणखी एक हात मारून पांढरं झाकायची. मी एकदा फोरमनच्या सांगण्यावरून ब्लेडने तो थर खरवडला, तर खालचा डोप करकरीत पापडासारखा निघून आला. त्या दिवसापासून हँगरच्या भिंतीवर आर्द्रता मोजायचं यंत्र आलं आणि जुलै महिन्यात डोपची खोली कुलूपबंद व्हायला लागली. मेलबर्नला पाऊस मुंबईसारखा नसला तरी थंड सकाळी हाच त्रास होतो. रोजच्या कामाच्या वहीत हवा कशी होती तेही लिहीत जा.

आणखी एक. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'सुरक्षेसाठी खांद्याचे नवे पट्टे बसवणार आहोत.' चांगलं आहे, पण कशाला बसवणार? 5 मार्च 2015 ला अभिनेता हॅरिसन फोर्डने आपलं 1942 चं रायन पीटी-22 सांता मोनिका विमानतळाजवळच्या गोल्फ मैदानावर उतरवलं, म्हणजे आदळवलं. इंजिन बंद पडलं होतं. कार्ब्युरेटरमधला मुख्य जेट, म्हणजे मोजून पेट्रोल सोडणारा भोकाचा स्क्रू, काळाच्या ओघात आपल्या जागेवरून उघडत उघडत सुटला होता, आणि त्या काळच्या पुस्तकात तो तपासायची सूचनाच नव्हती. तो वाचला, पण जखमा मोठ्या झाल्या. का, तर खांद्याचा पट्टा नंतर बसवलेला आणि तो सीटच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या पाठीला नुसता बोल्ट-वॉशरने अडकवलेला. मागे भार पसरवायला पट्टी नाही. धक्का बसताच तो पत्रा फाडून बाहेर आला. पट्टा नवा, आधार त्र्याहत्तर वर्षांचा! तुमच्या मॉथमध्ये तो पट्टा कुठल्या नळीला, कुठल्या मंजूर आराखड्याने जाणार आहे, ते आधी कागदावर दाखवा.

प्रश्न: युरोपच्या सहलीत जुन्या विमानातून अर्धा तास फिरवून आणतात. बसावं का?

उत्तर: हा प्रश्न देखभालवाल्याला विचारलात, आता ऐका. 4 ऑगस्ट 2018 ला स्वित्झर्लंडमध्ये पिझ सेग्नास शिखराजवळ 1939 साली बांधलेलं युंकर्स 52 पडलं. 17 प्रवासी, 3 कर्मचारी, कोणी वाचलं नाही. मला वाटलं होतं गंज निघणार, आणि निघालाही. गंज होता, पंखाच्या सांगाड्याला तडे होते. पण अपघात त्याने झाला नाही, असं तपासणाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं. वैमानिक दरीत इतके खाली शिरले की वळून बाहेर यायला वाट उरली नाही, आणि वजनाचा तोल मर्यादेपेक्षा मागे गेलेला होता. त्या वैमानिकांना अशी जोखीम घ्यायची सवय होती, हेही अहवालात आहे. तेव्हा चढण्याआधी विमानाचं वय विचारू नका, त्याला ऐंशी वर्षं झालीत हे दिसतंच. आज कुठून कुठे आणि किती उंचीवरून नेणार, ते विचारा. उत्तर देताना माणूस हसला तर खाली उभं राहून फोटो काढा.

प्रश्न: मी नाशिकची. माझा धाकटा भाऊ कॅनडात गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधतोय, सहा वर्षं झाली. पुढच्या मे महिन्यात उडवणार म्हणतो. मला विमानातलं ओ की ठो कळत नाही. फोनवर त्याला काय विचारू, म्हणजे जीव थोडा भांड्यात पडेल?

उत्तर: ताई, तुम्हाला कळत नाही हेच तुमचं भांडवल आहे. ज्याला कळतं तो 'ठीक असेल' म्हणून पुढे जातो.

आधी माझीच फजिती सांगतो. माझा परवाना नवा होता. एका पुष्पकच्या एलेरॉनच्या केबल बदलायच्या होत्या. एलेरॉन म्हणजे पंखांच्या टोकाशी असलेल्या हलत्या फळ्या, त्यांनी विमान डावी-उजवीकडे कलतं. दिवसभर खपून केबल ओढल्या, त्या ताणायचे टर्नबकल आवळले, तार बांधली. कॉकपिटमध्ये बसून कंट्रोल इकडून तिकडे फिरवला. मऊ, लोण्यासारखा. कुठे अडकत नाही, आवाज नाही. वहीवर सही ठोकली.

कंट्रोलच्या कामाला आमच्यात दोन सह्या लागतात, दुसरी वेगळ्या माणसाने नव्याने तपासून करायची. दुसरी सही आमच्या गोव्याच्या फोरमनची. त्यांना सगळे अंकल म्हणायचे. ते आत बसलेच नाहीत. डाव्या पंखाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कंट्रोल डावीकडे घे." मी घेतला. ते गप्प. मग म्हणाले, "परत घे." परत घेतला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "ही फळी वर जायला पाहिजे की खाली?"

वर जायला पाहिजे. ती खाली जात होती. दोन्ही केबल मी उलटसुलट जोडल्या होत्या. डावीकडे कलायला जाल तर विमान उजवीकडे लोळेल, आणि वैमानिक घाबरून आणखी डावीकडे ओढेल. मी दिवसभर 'हलतंय ना' एवढंच बघत होतो. कुठे हलतंय, हे बघितलंच नव्हतं. अंकल ओरडले नाहीत. माझ्या सहीवर रेघ मारली आणि चहाला निघून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

ही चूक फक्त पोरांची नाही. लँकेस्टर बॉम्बर ज्यांनी आखलं ते रॉय चॅडविक, 23 ऑगस्ट 1947 ला इंग्लंडमध्ये वुडफर्डला आपल्याच कंपनीच्या ट्यूडर विमानात चाचणीसाठी बसले. एलेरॉन उलटे जोडलेले होते. विमान जमिनीवरून उठलं, कललं, पंख टेकला. चॅडविक आणि आणखी तिघं गेले. केवढा मोठा कारखाना, किती तपासनीस!

तेव्हा भावाला पहिलं विचारा: तुझं काम तुझ्याशिवाय कोणी बघितलंय का? 'मित्र येऊन गेला, वा म्हणाला' हे चालणार नाही. हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनांमध्ये अनुभवी लोक घरी येऊन काम तपासून देतात. पत्रा बंद करण्याआधी त्यांना बोलवायचं असतं, नंतर आत दिसणार काय? मग त्याला व्हिडिओ कॉलवर कॉकपिटमध्ये बसवा. स्टिकवर मूठ, अंगठा वर. स्टिक डावीकडे कलवली की अंगठा डाव्या पंखाकडे झुकतो, आणि अंगठा ज्या पंखाकडे त्याचीच फळी वर उठली पाहिजे. फोन पंखाकडे धरायला सांगा. हे तुम्ही नाशिकला बसून तपासू शकता.

दुसरा प्रश्न: पहिल्या उड्डाणात कोण बसणार? उत्तर एकच, तो एकटा किंवा त्याच्यापेक्षा मुरलेला वैमानिक एकटा. वहिनी नको, मुलं नकोत, 'आठवण म्हणून' कोणी नको. अमेरिकेत अशा विमानाला साधारण 25 किंवा 40 तासांचा चाचणीचा काळ लावतात, त्यात हौसेचा प्रवासी चालत नाही. त्याच्या देशाचा नियम त्याने वाचलाय का, तेही विचारा. आणि बांधण्याच्या सहा वर्षांत तो स्वतः किती तास उडला? बरेच जण रिवेट ठोकता ठोकता उडायचं विसरून जातात.

तिसरं विचारा, बादलीची चाचणी झाली का? घरी बांधलेल्या विमानांत इंजिन बंद पडणं हे अपघाताचं फार मोठं कारण, आणि पुष्कळदा इंजिन धडधाकट असतं, त्याला पेट्रोलच पोचत नाही. घरी बांधलेल्या एका आरव्ही-10 विमानात सांधा गळू नये म्हणून लावलेल्या सिलिकॉनचा तुकडा इंधन मोजणाऱ्या यंत्रात जाऊन अडकला होता. सांधा गळला नाही, इंजिन उपाशी मेलं. चाचणी अशी: विमानाचं नाक उड्डाणात जितकं उंच जाईल तितकं जमिनीवरच उंच करायचं, शेपटीखाली खड्डा खणून किंवा पुढची चाकं फळीवर चढवून. टाकीत थोडंच पेट्रोल ठेवायचं. इंजिनाजवळची नळी सोडून बादलीत धरायची आणि घड्याळ लावायचं. पंप नसून नुसत्या उताराने पेट्रोल येत असेल तर उड्डाणाच्या वेळी इंजिन जेवढं पितं त्याच्या दीडपट आलं पाहिजे, पंप असेल तर सव्वापट. समजा इंजिन तासाला 24 लिटर पितं, तर उताराच्या नळीतून 36 लिटर, म्हणजे मिनिटाला 600 मिली. प्रत्येक टाकीची वेगळी चाचणी, झाकण घट्ट लावून, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर उघड्या झाकणावर ते कळतच नाही.

'झाली' म्हणाला तर आकडा विचारा. मिनिटाला किती मिली आलं, ताई, हा आकडा त्याच्या वहीत लिहिलेला असला पाहिजे. आणि झाली नसेल तर करताना बादली पत्र्याची घे म्हणावं, तारेने विमानाला जोडलेली. प्लास्टिकच्या बादलीत पेट्रोल पडताना ठिणगी उडते.